आर्किटेक्टांच्या विभागीय परिषदेला जायचंय? फॉर्म उघडण्याआधी थोडं

परिषदेचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की आपण सगळे आधी 'अर्ली बर्ड'ची, म्हणजे लवकर भरणाऱ्यांच्या सवलतीची, शेवटची तारीख बघतो. त्याऐवजी कपाटातलं कौन्सिलचं, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, प्रमाणपत्र काढा आणि त्यावरची मुदत बघा. फॉर्म अडकतो तो बहुतेक वेळा तिथेच.

फॉर्मवर दोन क्रमांक मागतात आणि त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते. एक कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक. 'सीए', मग वर्ष, मग आकडे असा तो असतो. हा १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली मिळतो आणि तो नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. दुसरा इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा, म्हणजे आयआयएचा सदस्यत्व क्रमांक. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्यांनी १९१७ मध्ये मुंबईत मंडळ काढलं, गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष झाले, त्या मंडळाची ही आजची संस्था. तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. आयआयएच्या परिषदेत सदस्य, बिगरसदस्य आणि विद्यार्थी यांची फी सहसा वेगवेगळी असते. म्हणजे सीए क्रमांक आहे पण आयआयएचं सदस्यत्व नाही, अशांनी बिगरसदस्याच्या रकान्यात खूण करायची. चुकून सदस्याची फी भरलीत तर फरक काउंटरवर भरावा लागतो, तोही मागे रांग खोळंबलेली असताना.

आता मुदतीचं. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे नूतनीकरण शुल्क त्या-त्या वर्षाच्या १ एप्रिलपूर्वी भरायचं असतं; नाही भरलं तर नाव नोंदवहीतून निघतं. नंतर ते परत चढवता येतं, पण परिषदेच्या आदल्या आठवड्यात ते काम अंगावर घेऊ नका. गंमत म्हणजे विसरतात ते बहुधा ज्येष्ठ लोक. पूर्वी कधीतरी अनेक वर्षांचे पैसे एकदम भरलेले असतात आणि ती वर्षं कधी संपली ते लक्षातच येत नाही.

नुकताच बी.आर्क.चा निकाल लागलाय, नोंदणी अजून हातात नाही? तुम्हालाही येता येतं, पण नावापुढे 'आर्.' (आर्किटेक्ट) लावू नका. कलम ३७ याच उपाधीबद्दल आहे, आणि हा कायदा मुख्यतः उपाधीचं रक्षण करतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या निकालात स्पष्ट केलं आहे. (लँडस्केप आणि नेव्हल आर्किटेक्ट यांना कायद्यानेच सूट आहे.) फॉर्मवर लिहाल तेच बॅजवर छापून येतं, आणि दोन दिवस तो बॅज सगळे वाचतात.

हेच फर्मच्या नावाचं. कौन्सिलची नोंदणी व्यक्तीची होते, फर्मची नाही. एका परिषदेत माझ्यासमोरच्या गृहस्थांनी प्रतिनिधीच्या रकान्यात 'अमुक अ‍ॅण्ड असोसिएट्स' लिहिलं होतं. काउंटरवरची मुलगी आडनावांच्या यादीत त्यांना शोधतेय, हे 'अहो, पैसे भरलेत' म्हणून फोनवरची पावती दाखवताहेत, आणि आत उद्घाटनाचं भाषण संपत आलेलं.

कागद फार लागत नाहीत: कौन्सिलच्या प्रमाणपत्राची पीडीएफ, फोटो, एक सरकारी ओळखपत्र, पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक. विद्यार्थ्यांना कॉलेजचं बोनाफाईड. प्राध्यापकांनी कर्तव्य रजेचा अर्ज पत्रक जोडून आधीच द्यावा. सरकारी किंवा महापालिकेच्या नोकरीत असाल तर खात्याची परवानगी घ्या. परिषद परदेशात असेल तर लागणारं ना-हरकत पत्र ऐनवेळी मिळत नाही.

जीएसटी क्रमांक फॉर्मवरच टाका. एकदा मी तो नंतर कळवला आणि दुरुस्त बिल मिळवण्यासाठी तीन महिने फोन करत बसलो. हॉटेलचा मुद्दा अजून वेगळा आहे. जीएसटीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल आणि परिषद पणजीत, तर तिथल्या खोलीवर गोव्याचा कर लागतो, त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, इथे मिळत नाही. आणि अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, म्हणजे जमेच्या निम्मा नफा धरून, आयकर भरत असाल तर परिषदेचा खर्च वेगळा वजा होत नाही. सीएला विचारण्याआधी एवढं माहीत असू द्या. (हा सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, नाहीतर पुन्हा घोळ.)

'फी आम्ही भरतो सर' असं टाइल्सवाला किंवा सॅनिटरीवाला म्हणतो, तेव्हा आर्किटेक्टांसाठीचे १९८९ चे व्यावसायिक वर्तनाचे नियम आठवा. काम मिळवण्या-देण्यासाठी भेट, सवलत, कमिशन यांची देवाणघेवाण त्यांत बसत नाही. माझं मत विचाराल तर फी स्वतः भरा आणि त्याच्या स्टॉलवर जाऊन नमुने निवांत बघा.

परिषद आशियाई पातळीवरची असेल, जसं आर्केशियाचं (आशियातल्या आर्किटेक्ट संस्थांच्या संघटनेचं) संमेलन, तर तिथे भारताची सदस्य संस्था आयआयएच आहे. २०१७ चा आर्केशिया फोरम जयपूरला झाला तेव्हा आपल्याला व्हिसाची कटकट नव्हती. बाहेर जाताना आयोजकांकडून निमंत्रण पत्र मागवा, आणि त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते बघा. आपल्याकडे इथे हमखास अडतं: कौन्सिलकडे माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र सोबत असू द्या, आणि सवड झाली की कौन्सिलकडचंही नाव बदलून घ्या. काठमांडूला विमानाने जायचं असेल तर व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं.

हजेरीचं प्रमाणपत्र बहुधा शेवटच्या सत्रानंतर देतात. संध्याकाळची गाडी पकडायची असेल तर दुपारच्या चहालाच स्वयंसेवकांना सांगून ठेवा. रजा मंजूर करणारा तोच कागद मागतो.