बायबलची यादी कोणी ठरवली? कॅथोलिक–प्रोटेस्टंट मतभेदाची पार्श्वभूमी

कॅथोलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. नव्या करारातील २७ पुस्तकांविषयी दोघांत मतभेद नाही. सगळा फरक जुन्या करारात आहे. तोबीत, यहूदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके, तसेच एस्तेर आणि दानीएल यांतील काही जादा उतारे कॅथोलिक चर्च पवित्र शास्त्राचा भाग मानते, तर प्रोटेस्टंट पंथ त्यांना ‘अपोक्रिफा’ म्हणून वेगळे ठेवतात. या वादात दोन आरोप पिढ्यान्‌पिढ्या केले जातात: प्रोटेस्टंट चळवळीचा जर्मन प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने बायबलमधून सात पुस्तके काढली, आणि रोमने, म्हणजे कॅथोलिक चर्चने, १५४६ मध्ये बायबलमध्ये सात पुस्तके घातली. कागदपत्रे पाहिली तर यांपैकी एकही आरोप जसाच्या तसा टिकत नाही. सोळाव्या शतकापर्यंत जुन्या कराराच्या यादीच्या कडा अस्पष्टच होत्या. त्या कायमच्या आखून देण्याचा अधिकार चर्चचा की शास्त्र स्वतःच आपली साक्ष देते, हा खरा वाद आहे आणि पुस्तकांची संख्या हा त्याचा एक परिणाम आहे.

या अस्पष्टतेचे मूळ ख्रिस्तपूर्व काळात आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथील ग्रीकभाषक यहुद्यांसाठी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. ‘सेप्टुअजिंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहाबरोबर पुढे तोबीत, सिराख यांसारखी पुस्तकेही वाचली जाऊ लागली. पहिल्या शतकातील ख्रिस्ती समाज मुख्यतः ग्रीक बोलणारा होता आणि नव्या करारातील जुन्या कराराची बरीचशी अवतरणे याच ग्रीक पाठाशी जुळतात. कॅथोलिक पक्षाचा हा फार जुना आधार आहे. प्रोटेस्टंट पक्ष याला उत्तर म्हणून यहुदी इतिहासकार जोसीफसचा दाखला देतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने यहुद्यांचे पवित्र ग्रंथ २२ असल्याचे लिहिले, आणि त्याची मोजण्याची रीत (काही पुस्तके एकत्र धरण्याची) लक्षात घेतली तर ती संख्या सामान्यतः आजच्या हिब्रू बायबलशी जुळवली जाते. देवाची वचने यहुद्यांच्या स्वाधीन केली होती, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पौलाचे विधानही (३:२) याच संदर्भात पुढे केले जाते. यहुदी धर्मपंडितांनी इसवी सन ९० च्या सुमारास जाम्निया येथे सभा भरवून आपली यादी कायम केली, असे एकोणिसाव्या शतकात मांडले गेले आणि ते दोन्ही बाजूंच्या पाठ्यपुस्तकांत शिरले. पण असा औपचारिक निर्णय झाल्याचा भक्कम पुरावा नाही आणि आज बहुसंख्य अभ्यासक ती मांडणी स्वीकारत नाहीत.

नव्या कराराची यादीही एका दिवसात झाली नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने जुना करार पूर्णपणे नाकारला आणि लूकच्या शुभवर्तमानाची कापलेली आवृत्ती व पौलाची दहा पत्रे एवढाच संग्रह मानला, तेव्हा इतर ख्रिस्ती नेत्यांना आपल्या ग्रंथांविषयी स्पष्ट बोलणे भाग पडले. इसवी सन १८० च्या सुमारास बिशप आयरेनियस चार आणि चारच शुभवर्तमानांचा आग्रह धरताना दिसतो. इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण यांविषयी मात्र पुढेही दीर्घकाळ शंका होत्या. आजची २७ पुस्तके नेमकेपणाने नोंदवणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ मधील ईस्टरपत्रात आहे. हे पत्र दोन्ही पक्ष उत्साहाने वापरतात, पण ते पूर्ण वाचणे आवश्यक आहे. त्याने जुन्या कराराची २२ पुस्तके मानली, त्यांत यिर्मयाबरोबर बारूख घेतले, एस्तेर वगळले, आणि एस्तेर, यहूदीथ, तोबीत, सिराख व ज्ञानग्रंथ ही पुस्तके नवशिक्या श्रद्धावंतांनी वाचण्याजोगी म्हणून वेगळी नोंदवली. ही यादी आजच्या कोणत्याही पंथाच्या यादीशी पूर्णपणे जुळत नाही.

पश्चिमेकडील चर्चमध्ये हा प्रश्न दोन थोर पुरुषांच्या मतभेदातून मांडला गेला. चौथ्या-पाचव्या शतकातील विद्वान जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर करताना हिब्रू मूळ प्रमाण मानले आणि हिब्रूत नसलेली पुस्तके चर्चने उपदेशासाठी वाचावीत, पण त्यांवरून सिद्धांत स्थापू नयेत, असे प्रस्तावनांत लिहिले. त्याचा समकालीन, हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचा निकष वेगळा होता: जी पुस्तके बहुसंख्य आणि अधिक अधिकारसंपन्न चर्चनी स्वीकारली आहेत, ती प्रमाण. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी ऑगस्टिनच्या मताप्रमाणे सातही पुस्तकांसह यादी मान्य केली. त्या प्रादेशिक सभा होत्या आणि आपल्या यादीला दुजोरा मिळावा म्हणून समुद्रापलीकडील चर्चचा विचार घ्यावा, असे त्यांच्या ठरावातच नमूद आहे. व्यवहारात ऑगस्टिनची यादी चालली. तरीही जेरोमचे मत मध्ययुगात कधी पुसले गेले नाही. पोप पहिला ग्रेगरी मक्काबी पुस्तकातील दाखला देताना ते प्रमाण ग्रंथांत नाही असे सांगतो, आणि चौदाव्या शतकातील प्रसिद्ध भाष्यकार लिराचा निकोलस जेरोमचीच वाट धरतो. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने १४४२ मध्ये सातही पुस्तकांसह यादी जाहीर केली, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे १५४६ च्या ट्रेंट येथील कॅथोलिक धर्मसभेने ही पुस्तके नव्याने घातली, असे म्हणता येत नाही.

ठिणगी पडली ती जर्मनीत, लाइपझिग येथे, १५१९ मध्ये. मृतांसाठी प्रार्थना आणि शुद्धिस्थान (मृत्यूनंतर आत्म्यांच्या शुद्धीची अवस्था) यांवरील जाहीर वादात योहान एक या कॅथोलिक धर्मपंडिताने मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा आधार घेतला. ते पुस्तक प्रमाण ग्रंथांत नसल्याने त्यावरून विरोधकाला बांधता येत नाही, असे उत्तर मार्टिन ल्यूथरने दिले. उत्तर जेरोमच्या धर्तीचे होते, पण परिस्थिती बदललेली होती: जे मत हजार वर्षे विद्वानांच्या भाष्यांत शांतपणे नांदले, त्यावर आता एका सिद्धांताचे भवितव्य अवलंबून होते. ल्यूथरच्या १५३४ च्या संपूर्ण जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके छापलेली आहेत. पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नसली तरी वाचण्यास उपयुक्त व चांगली, अशा मथळ्याखाली ती दोन करारांच्या मध्ये ठेवली आहेत. काढून टाकल्याचा आरोप म्हणून ल्यूथरवर तरी लागू होत नाही. मात्र इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण या नव्या करारातील चार पुस्तकांना त्याने शेवटी, क्रमांक न देता ठेवले आणि याकोबाच्या पत्राविषयी कठोर शब्द वापरले. ख्रिस्ताचा संदेश किती स्पष्ट आहे, हा त्याचा निकष त्याच्या अनुयायांनीही नव्या कराराच्या बाबतीत शेवटपर्यंत लावला नाही, आणि माझ्या मते प्रोटेस्टंट भूमिकेतील सर्वांत अवघड जागा हीच आहे.

ट्रेंटच्या धर्मसभेने ८ एप्रिल १५४६ रोजी सातही पुस्तकांची नावे घेऊन यादी जाहीर केली आणि ती न मानणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. त्यापूर्वी कार्डिनल कायेतान याने जेरोमचा निकष उघडपणे स्वीकारला होता आणि सभेतही धर्मपंडित सेरिपांदो याने पुस्तकांत दर्जाभेद करण्याची बाजू मांडली होती. ट्रेंटचे नावीन्य पुस्तकांत नाही. कॅथोलिक चर्चच्या आत तोपर्यंत मोकळा असलेला प्रश्न तिने बंद केला, हे तिचे नावीन्य आहे. त्याच ठरावात लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून आलेल्या अलिखित परंपरा यांचा समान आदराने स्वीकार करण्यात आला, आणि वादाचा गाभा तिथे उघड झाला.

कॅथोलिक चर्चच्या अधिकाराची प्रेरणा नसती तर मी शुभवर्तमानावर विश्वास ठेवला नसता, या आशयाचे ऑगस्टिनचे वाक्य कॅथोलिक पक्षाने वारंवार पुढे केले. प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्विनने त्याला सविस्तर उत्तर दिले. चर्च प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर उभारलेले आहे, तर तो पाया चर्चच्या आधीचा असला पाहिजे; पांढऱ्याकाळ्याचा भेद जसा आपोआप कळतो तसे शास्त्र आपले सत्य स्वतः दाखवते, आणि पवित्र आत्म्याच्या आंतरिक साक्षीने ते मनाला पटते. कॅथोलिकांचा प्रतिप्रश्न साधा आणि धारदार होता: अशी साक्ष प्रत्येकाला मिळते, तर याकोबाच्या पत्राबद्दल ल्यूथर आणि कॅल्विन यांचे मत वेगळे का?

सतराव्या शतकात हा वाद हिब्रू अक्षरांच्या खालीवर दिल्या जाणाऱ्या स्वरचिन्हांपर्यंत पोहोचला. ही चिन्हे प्राचीन नसून ख्रिस्तोत्तर शतकांत यहुदी पंडितांनी दिली, असे फ्रेंच प्रोटेस्टंट विद्वान लुई कापेल याने १६२४ मध्ये दाखवले. कॅथोलिक वादपटूंना यातून बळ मिळाले, कारण शब्दांचे स्वर जर परंपरेने जपले असतील तर परंपरेविना केवळ शास्त्र वाचायचे कसे? स्विस प्रोटेस्टंट चर्चनी १६७५ च्या आपल्या जाहीरनाम्यात स्वरचिन्हांचाही ईश्वरप्रेरित पाठात समावेश केला. इतिहासाने कापेलला बरोबर ठरवले. १६७८ मध्ये फ्रेंच कॅथोलिक धर्मगुरू रिशार सिमोन याने जुन्या कराराच्या पाठाचा चिकित्सक इतिहास लिहिला, तो परंपरेची गरज सिद्ध करण्याच्या हेतूने. तरीही बिशप बोस्युएच्या पुढाकाराने पुस्तकाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या आणि सिमोनला त्याच्या धर्मगुरूंच्या संघातून काढले गेले. मूळ पाठाची प्रामाणिक चौकशी दोन्ही बाजूंना सारखीच धास्तीची वाटत होती, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

प्रोटेस्टंट बायबलमधून ही पुस्तके प्रत्यक्ष नाहीशी झाली ती बरीच नंतर. १६११ च्या इंग्रजी राजमान्य आवृत्तीतही ती होती. ब्रिटनमधील प्रोटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने (१६४७) त्यांना इतर मानवी लेखनाच्या पातळीवर ठेवले, आणि १८२० च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अपोक्रिफासह छपाईला मदत न करण्याचे ठरवल्यानंतर ६६ पुस्तकांचे बायबल प्रोटेस्टंटांत मोठ्या प्रमाणावर रूढ झाले.

पुरातत्त्वाने युक्तिवाद बदलले, पण वाद मिटवला नाही. मृत समुद्राजवळील कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत तोबीतचे अरामी व हिब्रू तुकडे आणि सिराखचे हिब्रू तुकडे मिळाले. त्यामुळे ही सर्व पुस्तके मुळात ग्रीकच होती, हा आक्षेप मागे पडला, जरी ज्ञानग्रंथ आणि मक्काबींचे दुसरे पुस्तक ग्रीकमध्येच रचले गेले. पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेने १८७० मध्ये सांगितले होते की ही पुस्तके चर्चच्या मान्यतेमुळे पवित्र होत नाहीत, तर ईश्वर त्यांचा कर्ता असल्यामुळे ती पवित्र आहेत आणि म्हणूनच ती चर्चकडे सोपवली गेली. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६५ मध्ये शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात असे म्हटले आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनावर नसून त्याच्या सेवेत आहे, असेही स्पष्ट केले. १९६८ मध्ये युनायटेड बायबल सोसायटीज आणि व्हॅटिकन यांनी संयुक्त भाषांतरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली; त्यांनुसार निघालेल्या आवृत्त्यांत वादग्रस्त पुस्तके सामान्यतः स्वतंत्र विभागात असतात. ‘सेवेत’ असलेला तो अधिकार चुकला तर त्याचा न्याय कोणी करायचा, या प्रश्नाला मात्र दोन्ही परंपरा आजही वेगवेगळी उत्तरे देतात.