ठिगळांची गोधडी आणि जोडतुकड्यांची गोधडी

दोन्ही रंगीबेरंगी, दोन्ही तुकड्यांच्या. बाजेवर शेजारी टाकल्या तर लांबून फरक कळत नाही. म्हणूनच आमच्या वऱ्हाडातल्या गावांत मोबाईलवर बघून शिवायला बसलेल्या पुष्कळ जणी दोन्ही एकच समजतात आणि पेटीतलं जपलेलं कापड भलत्याच पद्धतीत घालवतात.

फरक आहे तो शिवण्याच्या क्रमाचा. घरच्या, म्हणजे ठिगळांच्या गोधडीत खाली जुनं लुगडं अंथरतात, त्यावर कापडाचे थर देतात, मग तुकडे ठेवून, त्यांच्या कडा आत दुमडून सगळ्या थरांतून धावदोरा घालतात. तुकडा बसतो आणि थरही बांधले जातात, एकाच टाक्यात. टाके काठापासून निघून चौकोनात फिरत मधे येतात. कर्नाटकातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायांची कवंदी ही गोधडीसुद्धा अशीच काठाकडून मधे भरत येते. जोडतुकड्यांच्या गोधडीत, म्हणजे मशीनवरच्या जोडकामात, तुकडे आधी एकमेकांना कडेला कड लावून जोडायचे. वरचा पट पुरा झाला की मग भर, खाली अस्तर आणि शेवटी थरांचे टाके.

कडेला कड जोडताना दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच कापड शिवणीत जातं. 4 इंची चौकोन दिसायला हवा तर कापायचा साडेचार इंची, म्हणजे कापड सव्वापट लागतं. 5 बाय 7 फुटांच्या पटाला असे 315 चौकोन लागतात. 80 सेंटिमीटर लांब आणि 1 मीटर पन्ह्याच्या खणातून 48 निघतात, म्हणजे 7 खणांत काम होतं. ओटीत आलेले, कधीच न शिवलेले खण घरोघरी पडून असतात. त्यांचं सोनं करायला जोडकाम फार चांगलं.

पण त्यातले सुती कोणते आणि टेरिकॉटचे (पॉलिएस्टर मिसळलेल्या सुताचे) कोणते, हे आधी वेगळं करा. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, टेरिकॉट फारसं आटत नाही. दोन्ही शेजारी जोडले की धुतल्यावर सुती तुकडा ताणून बसतो आणि शेजारच्या टेरिकॉटला शिवणीपाशी चुण्या पडतात. इस्त्रीनेही त्या जात नाहीत. सुती खण भिजवून, वाळवून मगच कापा, तेही उभ्या-आडव्या धाग्याला धरून. तिरपा कापलेला तुकडा ओढला जातो आणि कोपरे जुळत नाहीत.

विरलेलं लुगडं जोडकामाला घेऊच नका. तिथे सगळा ताण शिवणीवर येतो, कापड शिवणीलगत फाटतं. तेच ठिगळ म्हणून लावलं तर खालचे थर त्याला धरून ठेवतात, आणि पुढे फाटलं तर त्यावर दुसरं ठिगळ बसतं. पेटीत सगळी सरमिसळ असेल तर माझं मत ठाम आहे: ठिगळांचीच गोधडी शिवा.

भरीचंही तसंच. घरच्या पऱ्हाटीचा कापूस सरकी काढून, पिंजून भरला तरी टाके जवळ-जवळ हवेत, नाहीतर धुताना त्याचे गोळे होतात. कापडाच्या थरांना ही भीती नाही.

जोडकाम करून बघायचंच असेल तर आधी 9 चौकोनांचा एकच ठोकळा जोडा. तो साडेबारा इंच भरला पाहिजे. कमी भरला तर शिवण पाव इंचापेक्षा जास्त घेतली जातेय. हा ठोकळा वाया जात नाही. कडा दुमडून जुन्या गोधडीवर मधोमध ठिगळ म्हणून लावता येतो.