45 हजार रुपये आणि 16.7 मिलिसेकंद

‘आय-सेवन है साब, फुल गेमिंग मशीन!’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानदाराने काचेचं कॅबिनेट आमच्याकडे वळवलं. आत चार पंखे गणपतीच्या मखरासारखे रंग बदलत फिरत होते. किंमत फक्त 28 हजार. भाच्याने मला हळूच कोपर मारलं. बारावीची परीक्षा संपली होती, ताईने गेमिंग काँप्युटरसाठी 45 हजार हातावर ठेवले होते आणि डोंबिवलीहून निघताना ‘त्यात बसव, वर एक रुपया मिळणार नाही’ असं दोनदा बजावलं होतं. इथे तर 17 हजार वाचत होते.

‘कितव्या जनरेशनचा?’ भाच्याने विचारलं. दुकानदार जरा चुळबुळला. तिसऱ्या. म्हणजे तो आय-सेव्हन प्रोसेसर 2012 सालचा. तेव्हा आमचे हे चिरंजीव बालवाडीत डबा खात होते. ग्राफिक्स कार्ड होतं जीटी 730, तेही 2014 सालचं. आम्ही पुढच्या दुकानाकडे वळलो.

यात लबाडी अशी नव्हती. यंत्र चालू होतं, आय-सेव्हन खराच होता. पण ‘गेमिंग मशीन’ कशाला म्हणायचं हे पंख्यांच्या रंगांवर किंवा आय-सेव्हन या नावावर ठरत नाही. ते ठरतं 16.7 मिलिसेकंदांवर.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. आमच्या घरातला जुना मॉनिटर 1080पी, म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके. गुणाकार केला की 20,73,600. तो मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतो. म्हणून गेम सुरळीत दिसायचा तर वीस लाख ठिपक्यांची ही रांगोळी सेकंदाला 60 वेळा पुसायची आणि नव्याने काढायची. एका रांगोळीच्या वाट्याला येतात 16.7 मिलिसेकंद. बरं, प्रत्येक ठिपक्याचा रंग नुसता भरायचा नसतो, तो शोधून काढायचा असतो: इथे भिंत आहे की गवत, ऊन कुठून येतंय, सावली कुणाची, डबक्यात आकाश दिसतंय का.

प्रोसेसर म्हणजे चार कसलेले रांगोळीकार. त्यांना काहीही सांगा, जमेल. गोळी लागली की हुकली, शत्रू डावीकडून येणार की उजवीकडून, दरवाजा उघडा आहे का, अशी एकावर एक अवलंबून असलेली कामं तेच करतात. पण वीस लाख ठिपके त्या चौघांवर सोपवले तर दिवाळी उलटून जाईल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे शाळेच्या पटांगणात आणून बसवलेली पोरं. आम्ही ज्या आरएक्स 6600 कार्डावर डोळा ठेवून होतो, त्यात अशी 1,792 पोरं आहेत. एकेकट्याला फारसं येत नाही, पण शिट्टी वाजली की सगळी एकदम रंग भरतात. ती साधारण 32-32च्या तुकड्यांत बसतात आणि एका तुकडीला एका वेळी एकच हुकूम मिळतो. निम्म्या तुकडीला एक काम आणि निम्म्या तुकडीला दुसरं निघालं, तर एक निम्मी रंग भरते आणि दुसरी तोवर हातावर हात ठेवून बसते. म्हणूनच ही पोरं हिशेबाच्या वहीला कामाची नाहीत, पण चित्राला त्यांच्यासारखं कुणी नाही.

पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरलं. प्रत्येक चित्रासाठी आधी रांगोळीकार काय काढायचं त्याची यादी देतात, मग पोरं रंग भरतात, आणि दोघांपैकी जो उशीर करेल तोच वेग ठरवतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर 1080पी खेळायचं तर 4 कोअरचा, म्हणजे चार रांगोळीकारांचा, आय-थ्री 12100एफ प्रोसेसर यादी वेळेत देतो. म्हणून प्रोसेसरवर साडेसात हजार आणि कार्डावर 16 हजार. फोर-के पडद्याच्या नादी लागलो असतो तर ठिपके बरोबर चौपट झाले असते आणि कार्डाचाच खर्च ताईच्या आकड्याबाहेर गेला असता. जुना मॉनिटर ठेवला ही आमची सगळ्यात मोठी बचत.

कार्ड सेकंडहँड घेतलं, ठाण्यातल्या एका मुलाकडून. लोक घाबरवतात, ‘मायनिंगचं असेल.’ असेलही. 2020 नंतर इथेरियम हे आभासी चलन कमावण्यासाठी जगभर अशी कार्डं रात्रंदिवस जुंपली गेली. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने पद्धतच बदलली, ती कार्डं एका रात्रीत बेकार झाली आणि जुन्या बाजारात आली. पण सिलिकॉनची चिप बैलासारखी दमत नाही. आधी दमतात ती पंख्यांची बेअरिंग आणि चिपवरची वाळलेली पेस्ट. म्हणून आम्ही त्याच्याच घरी बसून अर्धा तास गेम चालवला, तापमान कुठे थांबतं ते पाहिलं आणि पंख्याला कान लावला. घरघर नव्हती. त्याच्या आईने तोवर सरबत दिलं.

कार्डाची स्वतःची मेमरी 8 जीबी. ती भरली की उरलेला माल मुख्य रॅममधून, म्हणजे काँप्युटरच्या कामचलाऊ मेमरीतून, ओढावा लागतो, आणि खरी गंमत इथे आहे. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला 224 जीबी येऊ शकतात. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीच्या, वाटेने येतात जेमतेम 16. धरणाचा दरवाजा आणि मोरीतला नळ! गेममध्ये वळण घेताना चित्र अचानक अडखळतं तेव्हा पुष्कळदा पोरं नळाशी बादली घेऊन उभी असतात. अशा वेळी सेटिंगमध्ये टेक्स्चर, म्हणजे भिंती-गवतावर चिकटवलेल्या चित्रांचा बारकावा, एक पायरी खाली आणायचं. पैसे लागत नाहीत.

रॅमचंही तसंच. 16 जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा 8-8च्या दोन घ्याव्यात, कारण प्रत्येक पट्टीला स्वतःचा रस्ता मिळतो. आमच्या डीडीआर4-3200 जातीच्या रॅमच्या एका रस्त्याने सेकंदाला 25.6 जीबी, दोन रस्त्यांनी 51.2. आम्ही घेतली तेव्हा रॅम स्वस्त होती. 2025 संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी अशी वाढवली की भाव बघून भाचा आता मलाच द्रष्टा म्हणतो.

आता ज्यावर सगळे जण पैसे वाचवायला जातात ती गोष्ट. कॅबिनेट घेतलं तर 450 वॉटचा एसएमपीएस फुकट, असं एक दुकानदार म्हणाला. एसएमपीएसचं काम भिंतीतली 230 व्होल्टची एसी वीज घेऊन 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी देण्याचं. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः 12 व्होल्टवर जगतात. मी तो डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. 12 व्होल्टपुढे 16 अँपिअर. गुणाकार करा: 192 वॉट. बाकीचे 258 वॉट कुठे होते देव जाणे, बहुधा छापखान्यात. आमच्या कार्डाची भूक 132 वॉट, प्रोसेसर जोरात असला की 89. झाले 221. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याहून मोठे घास घेतं. त्या फुकटच्या डब्याने ऐन लढाईत अंग टाकलं असतं, कदाचित सोबत कार्डालाही घेऊन. आम्ही 4 हजारांचा, ‘80 प्लस ब्राँझ’ हा कार्यक्षमतेचा शिक्का असलेला एसएमपीएस घेतला. आत 250 वॉट हवे असताना 85 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून साधारण 294 वॉट ओढतो, 70 टक्क्यांचा 357. मधले 63 वॉट नुसती उष्णता, आणि त्याचं बिल महावितरण ताईच्या नावाने पाठवतं.

असेंबल जेवणाच्या टेबलावर केलं. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरच्या तळाला करडी पेस्ट आधीच लावलेली होती. ‘बोट लावू नकोस’ म्हणेपर्यंत भाच्याने बोट लावलं होतं. मग ती पुसा, नवी छोटी ट्यूब आणा. ‘पण मामा, धातूला धातू टेकतोय ना, पेस्ट कशाला?’ धातू गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्म पातळीवर तो सह्याद्रीच आहे. शिखरं शिखरांना टेकतात आणि दऱ्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता 0.026, साध्या पेस्टची 4च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमची 237. म्हणजे पेस्ट धातूपुढे भिकारीच, पण हवेपेक्षा दीडशे पट बरी. तिचं काम फक्त दऱ्या बुजवण्याचं. मटाराएवढी पुरते. पोळीला तूप लावतात तशी थापायची नाही.

आणि कूलर काही एसी नव्हे. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, फक्त खोली आणि प्रोसेसर यांतला फरक आटोक्यात ठेवतो. 25 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 65 वर राहतो, तो मे महिन्यातल्या 36 अंशांच्या डोंबिवलीत 76च्या आसपास जाणारच. म्हणून समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट नाकारून जाळीवालं घेतलं. भाचा दोन दिवस रुसला होता. आत ओढलेली सगळी वीज शेवटी खोलीतच ओतली जाते. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता देतो, तेव्हा गेम चालू असताना खोलीत अडीच-तीन पाहुणे जास्तीचे बसलेत असं समजायचं.

रात्री साडेअकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळा. ‘गेले 45 हजार पाण्यात,’ भाचा पुटपुटला. मी मागे वाकून पाहिलं. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या भोकात होती. 12100एफ मधला ‘एफ’ सांगतो की या प्रोसेसरला स्वतःची ग्राफिक्स नाही, त्यामुळे त्या भोकातून काहीच येणार नव्हतं. वायर खाली कार्डात लावली आणि पडदा उजळला. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी हा रॅमचा वेग ठरवणारा पर्याय चालू केला. ते केलं नाही तर 3200ची म्हणून घेतलेली रॅम पुष्कळदा गुपचूप कमी वेगाने चालत राहते आणि कुणाला पत्ता लागत नाही.

दोन दिवसांनी भाच्याचा फोन. कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं तो आकडा 60 दाखवतोय, पण गाडी चालवताना मध्येच झटका बसतो. विचारलं, गेम कुठे टाकलास? 500 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माल साठवणारी डिस्क, पुरेना म्हणून त्याने जुन्या काँप्युटरची हार्ड डिस्क काढून जोडली होती आणि गेम तिच्यावर होता. ती तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4.2 मिलिसेकंद, आणि त्याआधी सुई त्या पट्ट्यावर न्यायला आणखी आठ-नऊ. एक तुकडा शोधण्यातच 16.7 पैकी 13 गेले, आणि नवा रस्ता समोर यायला असे शेकडो तुकडे लागतात. गेम एसएसडीवर हलवला, झटके गेले. हार्ड डिस्कवर आता ताईच्या लग्नाचे फोटो आहेत. ते उघडायला अर्धा सेकंद लागला तरी तिची काही तक्रार नाही.