'फर्स्ट कॅव्हलरी' नेमकी कोणती? १८६१ च्या अलीकडची की पलीकडची?

अमेरिकेच्या यादवी युद्धावर काहीही वाचायला घ्या, पुढे दक्षिणेच्या फौजेचे सेनापती झालेल्या रॉबर्ट ली यांच्याविषयी एक ओळ हमखास भेटते. मार्च १८६१ मध्ये त्यांना फर्स्ट कॅव्हलरी या घोडदळाच्या रेजिमेंटचं कर्नलपद मिळालं, नेमणुकीवर अध्यक्ष लिंकनची सही होती, आणि महिनाभरातच लींनी राजीनामा दिला. हे सगळं खरं आहे. पण म्हणून आजच्या फर्स्ट कॅव्हलरी रेजिमेंटच्या इतिहासात लींचं नाव शोधू नका. लींची ती रेजिमेंट आज फोर्थ कॅव्हलरी आहे.

गोंधळाचं मूळ थोडं मागे आहे. १८१५ मध्ये खर्च नको म्हणून अमेरिकेने आपलं घोडदळ मोडूनच टाकलं होतं. पुढे मूळनिवासींशी झालेल्या ब्लॅक हॉक युद्धात पायदळाची दमछाक झाली, तेव्हा मार्च १८३३ मध्ये काँग्रेसने ड्रॅगून नावाच्या स्वारांची रेजिमेंट मंजूर केली. १८३६ मध्ये फ्लोरिडातल्या सेमिनोल युद्धासाठी दुसरी उभी राहिली. १८४६ मध्ये ऑरेगॉनच्या वाटेच्या राखणीसाठी 'माउंटेड रायफलमेन', म्हणजे घोड्यावरचे रायफलधारी, आले. 'कॅव्हलरी' हे नाव मात्र १८५५ मध्ये, जेफरसन डेव्हिस युद्धमंत्री असताना, फर्स्ट आणि सेकंड अशा दोन नव्या रेजिमेंटना मिळालं. म्हणजे त्या काळची फर्स्ट कॅव्हलरी ज्येष्ठतेत चौथी होती.

ड्रॅगून आणि कॅव्हलरी यांत कागदावर फरक होता. ड्रॅगूनने घोड्यावरून जायचं, पण गरज पडली की उतरून लढायचं. उतरताना चौघांतला एक जण चारही घोडे धरून मागे थांबे, त्यामुळे शंभर स्वार असले तरी गोळी झाडायला पंचाहत्तरच. घोडा सरकारी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत हे सगळे बारगीर. शिलेदार कोणीच नाही. कॅव्हलरीकडून अपेक्षा हल्ल्याची होती. गणवेशाची किनार ड्रॅगूनची नारिंगी, रायफलमेनची हिरवी, कॅव्हलरीची पिवळी.

हत्यारांत फरक जास्त जाणवतो. ड्रॅगूनच्या हॉल कार्बाइनमध्ये, म्हणजे आखूड बंदुकीत, गोळी मागच्या बाजूने भरता येई, पण त्या सांध्यातूनच वायू गळे. नंतर आलेल्या १८४७ च्या मस्केटून या आखूड बंदुकीची तऱ्हा वेगळी. ती तोंडाकडून भरायची आणि नळी खाली करून लटकवायची, मग घोडा दुडक्या चालीने निघाला की गोळीच घरंगळून बाहेर. माउंटेड रायफलमेनना तलवारच नव्हती. १८५५ च्या नव्या रेजिमेंटना कोल्टचं .३६ चं 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर मिळालं.

प्रत्यक्ष लढाईत मात्र या व्याख्या फारशा टिकल्या नाहीत. मेक्सिकोशी झालेल्या युद्धात, ९ मे १८४६ ला, रेसाका दे ला पाल्मा इथे सेकंड ड्रॅगूनचे कॅप्टन चार्ल्स मे तोफांवर घोडेच घालून गेले, म्हणजे निखळ कॅव्हलरीचं काम. त्याच डिसेंबरात कॅलिफोर्नियात सॅन पास्क्वालला फर्स्ट ड्रॅगूनची फजिती झाली. थकलेली खेचरं, भिजलेली बंदुकीची दारू, हल्ल्यात रांग लांबलेली. समोर मेक्सिकोच्या बाजूने लढणाऱ्या आंद्रेस पिको यांचे ताज्या घोड्यांवरचे भालेवाले. दोन कॅप्टन तिथेच पडले. आणि २९ जुलै १८५७ ला कॅन्ससमध्ये, सॉलोमन नदीच्या फाट्यावर, कर्नल समनर यांनी शायान या मूळनिवासी जमातीवर चाल करताना कार्बाइन पट्ट्याला लटकवून तलवारी उपसायला लावल्या. शायानांचा समज होता की एका तळ्यात हात धुतले की गोळी बाधत नाही. तलवारीचं काय करायचं, हे त्या मंतरलेल्या पाण्याने सांगितलं नव्हतं. ते पांगले. पाठलागात रेजिमेंटचे तरुण अधिकारी जेब स्टुअर्ट यांच्या छातीत पिस्तुलाची गोळी लागली. ही लढाई फर्स्ट कॅव्हलरीची म्हणून नोंदलेली आहे, म्हणजे आजच्या फोर्थची.

३ ऑगस्ट १८६१ च्या कायद्याने सगळ्या स्वार रेजिमेंटना कॅव्हलरी हे एकच नाव दिलं आणि क्रमांक स्थापनेच्या ज्येष्ठतेवर लावले. फर्स्ट ड्रॅगून झाली फर्स्ट कॅव्हलरी, सेकंड ड्रॅगून सेकंड, रायफलमेन थर्ड. जुनी फर्स्ट कॅव्हलरी चौथ्या नंबरावर गेली, जुनी सेकंड पाचव्या, आणि त्याच वर्षी उभी राहिलेली थर्ड सहाव्या. त्यामुळे १८५९ मध्ये जॉन ब्राउनचा गुलामगिरीविरोधी उठाव मोडायला हार्पर्स फेरीला गेलेले लेफ्टनंट कर्नल ली सेकंड कॅव्हलरीचे, म्हणजे आजच्या फिफ्थचे. पान वाचताना आधी तारीख पाहायची, नंबर नंतर. नंबराआधी मिशिगन वगैरे राज्याचं नाव असेल तर ते स्वयंसेवक, त्यांचा या वंशावळीशी संबंध नाही. फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन तर १९२१ मधली, अनेक रेजिमेंट मिळून केलेली वेगळीच चीज.

नाव गेल्याचं ड्रॅगूनना फार लागलं. नारिंगी किनारीचे जुने कपडे संपेपर्यंत ते तेच घालत राहिले. सेकंड कॅव्हलरीच्या मानचिन्हावरची ढाल आजही नारिंगी आहे, आणि तिच्यावर तोफांवर तुटून पडणारा एक ड्रॅगून आहे.