रुंद रेषेचा अर्थ काय? काळ्या ढगांतला जुना वाद

ताऱ्यांमधले काळे ढग म्हणजे आकाशातली भोकं नव्हेत, तर धुळीचे पडदे आहेत, हे छायाचित्रांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पटवलं. पण छायाचित्रातला ढग थिजलेला. आतला वायू कसा हलतो हे कळायला रेडिओ दुर्बिणी याव्या लागल्या. या ढगांत मुख्यतः असतो तो रेण्वीय हायड्रोजन, आणि १० केल्व्हिनच्या (उणे २६३ अंश सेल्सिअस) थंडीत तो जवळजवळ मुका असतो, स्वतः प्रारण सोडत नाही. १९७० मध्ये कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची रेषा, म्हणजे त्या ठरावीक तरंगलांबीचं प्रारण, सापडली आणि त्याला दुभाष्या मिळाला.

वायूचे वेग जितके वेगवेगळे, तितकी रेषा पसरते; ही मात्र फारच रुंद निघाली. इतक्या थंड वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला जेमतेम ०.२ किलोमीटर, आणि मोठ्या ढगांतला वायू सेकंदाला काही किलोमीटरने धावत होता. १९७४ मध्ये सरळ खुलासा आला: ढग स्वतःच्या भाराने कोसळतोय. त्याच वर्षी आक्षेपही आला. सगळेच ढग कोसळत असतील, तर आकाशगंगेत दरवर्षी शंभर सूर्यांइतके तारे जन्मायला हवेत. प्रत्यक्षात जन्मतात मोजक्याच सूर्यांइतके.

मग ‘खळबळ’ हे उत्तर पुढे आलं. १९८१ मध्ये ढग जितका मोठा तितकी रेषा रुंद, असं नातं मांडलं गेलं आणि शब्द रुळला. जरा जास्तच रुळला. मोठ्या भोवऱ्यांतून लहान भोवऱ्यांत ऊर्जा झिरपत जाणं हा त्याचा काटेकोर अर्थ. व्यवहारात मात्र न उलगडलेल्या कुठल्याही हालचालीवर तो चिकटवला जातो. शिवाय १९९०च्या दशकाअखेरच्या संगणकीय प्रतिकृतींत चुंबकीय क्षेत्र असूनही खळबळ झपाट्याने ओसरली. मग ढवळतंय कोण? फुटणारे तारे, नवजात ताऱ्यांचे झोत, की पुन्हा गुरुत्वाकर्षणच? कोसळण्याचा पक्ष अलीकडे परत उभा राहिलाय, आणि त्याला हसण्यावारी नेता येत नाही: मुक्त कोसळण्याचा वेग आणि ढगाला तोलून धरणाऱ्या खळबळीचा वेग यांत फरक साधारण दोनच्या वर्गमुळाचा. ढगाचं वस्तुमानही तेवढ्या अचूकतेने मोजता येत नाही.

२००९ मध्ये अवकाशात गेलेल्या अवरक्त दुर्बिणीने ढगाढगांत तंतू दाखवले. त्यांची रुंदी सगळीकडे ०.१ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं), हा दावा अजून वादात आहे. पण वृषभ राशीतल्या एका तंतूचे वेग २०१३ मध्ये वेगळे करून पाहिले, तेव्हा तो एक निघालाच नाही. आत ३५ धागे होते. रुंद रेषेचा काही भाग निव्वळ या धाग्यांच्या वेगांची बेरीज होती. प्रत्येक धाग्याची स्वतःची हालचाल ध्वनिवेगाच्या आसपासच होती.