मेदिदा प्रोव्हिझोरिया (ब्राझिलियन चित्रपट)

अभिनेते लाझारो रामोस यांनी दिग्दर्शित केलेला पहिला कथापट. नजीकच्या भविष्यातील ब्राझीलमध्ये सरकार कृष्णवर्णीय नागरिकांची सक्तीने आफ्रिकेत रवानगी करू लागते, ही त्याची मध्यवर्ती कल्पना आहे. आल्द्री अनुन्सियासाँव यांच्या ज्या नाटकावर तो आधारलेला आहे, ते रामोस यांनीच २०११ मध्ये रंगमंचावर आणले होते. चित्रपट २०२० मध्ये पूर्ण झाला, परंतु ब्राझीलमधील चित्रपटगृहांत तो १४ एप्रिल २०२२ रोजी पोहोचला.

ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेतील ६२ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षांना निकडीच्या प्रसंगी वटहुकूम काढता येतो. तो तत्काळ कायद्याइतकाच बंधनकारक होतो आणि ६० दिवसांत, किंवा एकदा मिळणाऱ्या तेवढ्याच मुदतवाढीत, संसदेने मंजूर न केल्यास रद्द होतो. भारतीय वाचकाला यात आपल्या १२३ व्या अनुच्छेदाखालील अध्यादेशाची ओळख पटेल. अशा वटहुकुमाला पोर्तुगीजमध्ये ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’ म्हणतात; चित्रपटाचे नाव त्यावरूनच घेतले आहे. कथेत लष्करी उठाव होत नाही की राज्यघटना गुंडाळली जात नाही. जे घडते ते क्रमांक दिलेल्या सरकारी आदेशाने घडते, आणि त्याची भीतीही त्यातूनच येते.

कथेचा आरंभ न्यायालयीन मागणीने होतो. आंतोनियो हा वकील गुलामगिरीच्या नुकसानभरपाईसाठी सरकारवर दावा लावतो. उत्तरादाखल सरकार प्रथम आफ्रिकेत ‘परतण्याची’ ऐच्छिक योजना पुढे करते आणि पुढे तीच सक्तीची करते. आदेशाच्या भाषेत ‘काळा’ हा शब्द टाळून ‘ठळक मेलॅनिन असलेले’ नागरिक असा सभ्य पर्याय योजलेला आहे. मात्र अधिकाऱ्यांना खासगी घरात शिरण्याची मुभा नसल्याने आंतोनियो (आल्फ्रेड ईनॉक) आणि त्याचा नात्यातला भाऊ, पत्रकार आंद्रे (सेऊ जॉर्जी) स्वतःच्या सदनिकेत कोंडून घेतात. कायद्याने लादलेल्या हद्दपारीला कायद्याच्याच फटीतून दिलेला हा प्रतिकार पाणी, वीज आणि संपर्क तोडला गेल्यावर दिवसेंदिवस अवघड होत जातो. आंतोनियोची डॉक्टर पत्नी कापितू (ताईस अराउजो) मात्र बाहेरच अडकते आणि लपलेल्यांच्या एका ‘आफ्रोबंकर’मध्ये आश्रय घेते.

या बंकरमागे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या ‘किलोंबो’ या स्वतंत्र वस्त्यांची परंपरा आहे. त्यांतील सर्वांत मोठी, आजच्या आलागोआस राज्यातील पाल्मारेस, सतराव्या शतकात अनेक दशके टिकून होती. तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. अटलांटिकपार नेलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी सुमारे ४० टक्के एकट्या ब्राझीलला नेले गेले. १३ मे १८८८ च्या ज्या कायद्याने गुलामगिरी संपली, त्यात केवळ दोन कलमे होती आणि मुक्त झालेल्यांना जमीन वा भरपाई देण्याचा उल्लेखही नव्हता. पुढे १८९० च्या एका हुकुमाने आफ्रिका व आशियातून येणाऱ्यांच्या प्रवेशावर संसदेच्या परवानगीची अट घातली, तर युरोपीय स्थलांतरितांना उत्तेजन दिले. लोकसंख्या ‘गोरी’ करण्याचा विचार तेव्हा राज्यकर्त्या वर्गात उघडपणे मांडला जात होता, हे लक्षात घेता चित्रपटातील कल्पना फारशी अचाट वाटत नाही.

कथानकातील एक प्रश्न मात्र पुरेसा हाताळलेला नाही. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवर्णीय, तर १०.२ टक्क्यांनी कृष्णवर्णीय म्हणून नोंदवले. अशा समाजात रेषा कोठे आखायची आणि ती कोणी आखायची, यावर चित्रपट काही उपरोधिक प्रसंग रचतो, पण अर्ध्याहून अधिक लोकसंख्येला बाहेर काढताना राज्ययंत्रणा चालणार कशी, याकडे तो वळत नाही. विनोदी प्रसंगांतून अचानक हिंसेकडे झेपावणारा त्याचा सूरही काही ठिकाणी ढळतो; नाटकाच्या बंद खोलीत जे साधते, ते शहराच्या रस्त्यांवर सांभाळणे दिग्दर्शकाला कठीण गेलेले दिसते.

प्रदर्शन लांबण्यामागे राष्ट्रीय चित्रपट संस्थेतील दिरंगाई असल्याचे निर्मात्यांचे म्हणणे होते. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांच्यावर चित्रपटातून टीका केली आहे असे मानून, कृष्णवर्णीय संस्कृतीच्या जतनासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी पाल्मारेस प्रतिष्ठानच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी २०२१ मध्ये चित्रपटावर बहिष्काराचे आवाहन केले. मूळ नाटक मात्र बोल्सोनारो सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीचे होते.