तुर्कीतले अप्रत्यक्ष प्रश्न आणि ‘-दिक’चा रकाना

‘तो कुठे राहतो ते मला माहीत आहे’ या वाक्यात मराठी मूळ प्रश्न जसाच्या तसा ठेवते आणि पुढे ‘ते’ जोडते. तुर्कीत आधी क्रियापदाचं नाम करावं लागतं: ‘नेरेदे ओतुर्दूनू बिलियोरुम’. हे काम ‘-दिक’ प्रत्यय करतो (पुढे स्वर आला की त्याचा ‘क’ उच्चारात विरतो, म्हणून ‘ओतुर्दूनू’), भविष्यासाठी ‘-एजेक’. हो-नाही प्रश्नातला ‘मि’ (मराठी ‘का’) गळतो आणि क्रियापद दोनदा येतं, एकदा होकारार्थी, एकदा नकारार्थी: ‘गेलिप गेल्मेदीनी’, म्हणजे ‘आला की नाही ते’.

‘-दिक’ जुनाच. मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यातल्या आठव्या शतकाच्या शिलालेखांत तो ‘-दुक’ म्हणून भेटतो. उस्मानी काळात फारसीतलं ‘कि’ (मराठी ‘की’) आलं आणि पूर्ण क्रियापदाचं उपवाक्य मुख्य वाक्यानंतर जोडायची सोय झाली. 1932 नंतरच्या तुर्की भाषेच्या शुद्धीकरणात अरबी-फारसी शब्द झपाट्याने हटले, पण ‘कि’ तगलं.

त्याआधी, 1928 च्या लिपीबदलाने ‘-दिक’चा चेहरा बदलला. अरबी लिपीत त्या विरणाऱ्या ‘क’च्या जागी ‘ओल्दू’मध्ये (‘होणे’पासून) गैन हे अक्षर आणि ‘गेल्दी’मध्ये (‘येणे’पासून) काफ हे अक्षर लिहीत, प्रत्यय मात्र एकच. रोमन लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर आलं आणि स्वरही कागदावर दिसू लागले. व्यंजन द किंवा त, स्वर चार, अशी आठ रूपं उघडी पडली.

खरा घोळ वर्गीकरणाचा आहे. शालेय व्याकरणात अपूर्ण क्रियारूपांचे तीन रकाने आहेत: नामासारखी, विशेषणासारखी, क्रियाविशेषणासारखी. ‘ओतुर्दू एव’ (तो राहतो ते घर) यात ‘-दिक’ घराचं विशेषण, म्हणून त्याची जागा दुसऱ्या रकान्यात. ‘गेलिप’मधला ‘-इप’ तिसऱ्यात. आता ‘गेलिप गेल्मेदीनी’ पाहा: एक क्रियाविशेषण आणि एक विशेषण मिळून नामाचं काम करतात! परंपरेचे समर्थक म्हणतात, विशेषणच पुढे नाम झालं, मधला शब्द अध्याहृत आहे. पण ‘नेरेदे ओतुर्दूनू’मध्ये कोणता शब्द गळला, हे कोणी दाखवू शकत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या व्याकरणांत ‘-दिक’चे दोन उपयोग वेगळे दाखवतात, ते जास्त पटतं. शुद्धीकरणाने जुन्या अरबी संज्ञांऐवजी ‘ओर्ताच’ (विशेषणासारखी रूपं), ‘उलाच’ (क्रियाविशेषणासारखी) अशी नवी नावं घडवली. रकाने तेच राहिले. आज दोन्ही नावं चालतात, म्हणजे गोंधळ दुप्पट.

या वादात ‘दिये’कडे मात्र दुर्लक्ष होतं. ‘गेलेजेक मि दिये सोर्दू’ म्हणजे ‘येणार का म्हणून विचारलं’. ‘दिये’ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदातूनच आलेलं, आणि त्याचं जुनं रूप त्याच ओर्खोन लेखांत आहे. तरी पाठ्यपुस्तकांत मान ‘-दिक’चा. बोलण्यात तर ‘गेल्दी मि, बिल्मियोरुम’ (आला का, माहीत नाही; इथलं ‘गेल्दी’ साधा भूतकाळ) सर्रास चालतं. त्याला तिन्हींपैकी एकही रकाना लागत नाही, कारण क्रियापद पूर्णच राहतं.